वारजे ते हिंजवडी: वारंवार पंक्चर होणारे मागचे चाक आणि टायरची निवड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात वारज्याहून हिंजवडीला कामावर जाण्यासाठी आपण बायपासच्या सेवा रस्त्याने हायब्रिड सायकलने ये-जा करता. सायकलचे मूळचे 700 बाय 35 आकाराचे टायर दोन वर्षे वापरात आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून मागचे चाक एकाच महिन्यात तीनदा पंक्चर झाले. आता ‘केव्हलरचा पंक्चरप्रूफ’ टायर घ्यावा की दोन्ही चाके ट्यूबलेस करून घ्यावीत, असे आपण विचारले आहे. मी कोथरूड भागात सायकलदुरुस्तीचे काम करतो आणि शहरात स्वतःही सायकलनेच फिरतो, त्यामुळे जून ते ऑक्टोबर या काळात हा प्रश्न घेऊन येणारी माणसे माझ्या चांगल्या परिचयाची आहेत.

हवा भरलेला कोणताही टायर पूर्णपणे पंक्चरप्रूफ नसतो; तो काही वस्तूंना चांगला अडवतो आणि काहींना अजिबात अडवत नाही. म्हणून टायरचे नाव विचारण्याआधी आपले चाक नेमके कशाने पंक्चर होते आहे हे शोधणे अधिक उपयोगाचे आहे. माझा अंदाज आधीच सांगून टाकतो: आपल्या रस्त्याचा विचार करता मागच्या चाकाला जाड संरक्षक थराचा टायर आणि पुढच्या चाकाला त्याहून हलका टायर, अशी जोडी आपल्याला योग्य ठरेल. मात्र हा अंदाज आपले व सामानाचे वजन, चाकात नेहमी किती हवा असते आणि सायकलच्या सांगाड्यात किती रुंद टायर मावतो यांवर अवलंबून आहे. शिवाय नवा टायर विकत घेण्यापूर्वी जुन्याची एक तपासणी अवश्य करावी, कारण त्यात काहींचा खर्चच वाचतो.

एकाच चाकाची तीन पंक्चर म्हणजे तीन वेगवेगळ्या वस्तू रुतल्या, असे समजण्याचे कारण नाही. बऱ्याचदा पहिल्याच वेळी घुसलेली बारीक तार टायरमध्ये तशीच राहिलेली असते. घाईच्या वेळी दुकानात ट्यूब बाहेर काढली जाते, पाण्यात बुडवून भोक शोधले जाते, पॅच लावला जातो आणि ट्यूब परत आत जाते. टायरची आतली बाजू कोणी पाहत नाही. मग तीच तार चार दिवसांनी पॅचच्या शेजारी नवे भोक पाडते. रात्री टणक असलेले चाक सकाळी बसलेले आढळत असेल, तर अशा तारेचा संशय प्रथम घ्यावा.

तपासणीची पद्धत सोपी आहे. टायर चढवताना त्यावरचे कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असे बसवावे. पुढे पंक्चर झाले की ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरावी, भोक शोधावे आणि व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर टायर तपासावा. ट्यूब काढताना ती उलटी धरली गेली असण्याची शक्यता असल्याने व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढ्या अंतरावर पाहावे. आतून बोट फिरवण्याऐवजी कापसाचा बोळा किंवा जुन्या बनियनचा तुकडा फिरवावा. तार असेल तर त्याचे धागे तिथे अडकतात आणि बोटही सुरक्षित राहते. त्यानंतर टायर त्या जागी उलटा वाकवून बाहेरच्या बाजूने उजेडात पाहावे आणि सापडलेली वस्तू चिमट्याने काढावी.

भोक ट्यूबच्या कोणत्या बाजूला आहे, यावरून कारणाचा पुष्कळ उलगडा होतो. भोक बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर टायर भेदून काहीतरी आत आले आहे आणि तेव्हाच टायर बदलण्याचा विचार योग्य आहे. भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे किंवा चाकाच्या एखाद्या स्पोकचे टोक वर आले आहे. अशा वेळी जगातला सर्वांत महाग टायरही उपयोगाचा नाही, नवी रिमपट्टी पुरेशी आहे. शेजारी-शेजारी दोन लहान चिरा दिसल्या, तर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या किंवा गतिरोधकाच्या कडेवर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली गेली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटली असेल, तर बहुधा कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतो आहे किंवा हवा भरताना पंपाचे तोंड वाकडे ओढले जाते आहे. या चारांपैकी पहिला प्रकार सोडला, तर बाकी तिन्हींचा टायरच्या दर्जाशी फारसा संबंध नाही. आपल्या तीन पंक्चरांच्या जागा आपण कळवलेल्या नाहीत. ट्यूबवरचे पॅच पाहून त्या आजही कळू शकतील.

आता रस्त्याकडे वळतो. वारजे, चांदणी चौक, बावधन, बाणेर, वाकड हा बायपासचा पट्टा अवजड वाहनांचा आहे. ट्रकच्या रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. असा टायर फुटला की त्याची काळी सालपटे रस्त्याच्या कडेला पडतात, वाहनांखाली चिरडली जातात आणि त्यांतून केसासारख्या बारीक पण ताठ तारा सुट्या होतात. कडेने जाणाऱ्या सायकलला त्या बरोबर भेटतात. त्यांच्या जोडीला ठिकठिकाणच्या बांधकामांवरून आलेले बाइंडिंग तारेचे तुकडे आणि खिळे असतात, शिवाय फुटलेल्या दिव्यांची आणि बाटल्यांची काच असते. पेठांमधून किंवा टिंबर मार्केटकडून जाणाऱ्या माणसाचा शत्रू खिळा असतो, तर टेकडीच्या पायवाटेने किंवा कच्च्या कडेने जाणाऱ्याचा शत्रू सराटा. पावसाळा संपता संपता त्याची काटेरी फळे वाळून गळतात. आपल्या वाटेवर मात्र तार आणि काच हेच प्रमुख समजावेत.

पावसाळ्यातच हा त्रास का वाढतो, याला दोन कारणे आहेत. पाणी रस्त्यावरचा सगळा कचरा वाहून कडेला आणते आणि सायकलस्वाराला नेमके तिथूनच जावे लागते. दुसरे असे की ओल्या रबराला काच अधिक सहज चिरते, कारण पाणी वंगणाचे काम करते. शिवाय ओल्या टायरला काचेचा कण चिकटून राहतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा आत दाबला जातो. मागचेच चाक का, याचेही उत्तर साधे आहे. स्वार आणि सामान यांचे निम्म्याहून अधिक वजन, साधारण साठ टक्के, मागच्या चाकावर येते. त्यातच आडवी पडलेली तार किंवा खिळा पुढच्या चाकाखाली उसळून उभा राहतो आणि मागच्या चाकात शिरतो. मागचा टायर झिजतोही लवकर, म्हणजे संरक्षण सर्वांत जास्त हवे तिथेच ते सर्वांत आधी पातळ होते. दोन वर्षे रोज चाललेला आपला मागचा टायर मधोमध सपाट झालेला असणार, असे मी न पाहताही म्हणेन.

टायर भेदक वस्तूला दोन प्रकारांनी अडवतो आणि दुकानात हा भेद सहसा कोणी समजावून सांगत नाही. पहिला प्रकार म्हणजे वरच्या रबराखाली बळकट धाग्यांच्या विणीचा पट्टा घालणे. हे धागे नायलॉनचे, ॲरॅमिडचे किंवा व्हेक्ट्रानचे असतात. केव्हलर हे ॲरॅमिड धाग्याचेच एक व्यापारी नाव आहे. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 साली ज्या शोधाची सुरुवात केली, त्यातून ते आले. असा पट्टा पातळ आणि हलका असतो, काचेची धार तो फार चांगली अडवतो, आणि टायरचा चपळपणा बराचसा टिकून राहतो. पण बारीक आणि ताठ तार ही कापणारी वस्तू नाही, ती टोचणारी आहे. विणीतल्या धाग्यांना बाजूला सारून ती आत जाऊ शकते.

दुसरा प्रकार म्हणजे ट्यूब आणि रस्ता यांमधले अंतरच वाढवणे. त्यासाठी टायरच्या मध्यभागी, वरच्या रबराखाली, लवचिक रबराचा जाड थर बसवलेला असतो. तीन-चार मिलिमीटरची तार वरचे रबर पार करून या थरात अडकते आणि ट्यूबपर्यंत तिचे टोक पोहोचतच नाही. हा उपाय जड आहे, त्यात काही चतुराई नाही. पण तारेवर जाडीइतका खात्रीचा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही. अर्थात बाभळीचा लांब काटा किंवा दोन इंची खिळा सरळ उभा घुसला, तर हा थरही हरतो.

‘केव्हलरचा टायर’ या शब्दप्रयोगाविषयी येथेच सावध करतो. बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, काही टायरांत पोलादी तारेची असते आणि काहींत ॲरॅमिडच्या धाग्याची. ॲरॅमिडच्या बीडमुळे टायर घडी घालून ठेवता येतो आणि थोडा हलका होतो. पंक्चरशी त्याचा काहीही संबंध नाही. तरीही वेष्टनावर केव्हलर हा शब्द दिसला की ग्राहक निर्धास्त होतो आणि विक्रेताही त्याला तसा होऊ देतो. म्हणून विचारावे ते असे: संरक्षक थर कोणता आहे, तो फक्त मध्यभागी आहे की बाजूच्या भिंतींपर्यंत जातो, आणि त्याची जाडी किती आहे? टायरच्या बाजूवर ‘पंक्चर प्रोटेक्शन’ एवढेच छापलेले असेल आणि या तीन प्रश्नांचे उत्तर मिळत नसेल, तर त्या छपाईला मी फारशी किंमत देत नाही. इंचामागे धाग्यांची संख्या, जी टीपीआय या नावाने लिहितात, तीही येथे फसवी आहे. ही संख्या जास्त असली की टायर मऊ आणि वेगवान चालतो, पण अधिक संरक्षक होतोच असे नाही.

नावे घ्यायची तर जाड थराच्या प्रकारात श्वाल्बे मॅरेथॉन प्लस हा सर्वांना ठाऊक असलेला टायर आहे; त्याचा संरक्षक थर 5 मिलिमीटर जाडीचा आहे. त्याच कंपनीच्या साध्या मॅरेथॉनमध्ये हा थर सुमारे 3 मिलिमीटर असतो. कॉन्टिनेंटलचा कॉन्टॅक्ट प्लस याच धाटणीचा आहे. गेटरस्किन हा कॉन्टिनेंटलचाच टायर धाग्यांच्या पट्ट्याच्या प्रकारात मोडतो. त्याच्या बाजूच्या भिंतींनाही कापडी संरक्षण आहे आणि तो प्रामुख्याने 23 ते 32 मिलिमीटर रुंदीत, रोड सायकलींसाठी मिळतो. आपल्याकडच्या कंपन्यांच्या, उदाहरणार्थ लुधियानाच्या राल्सनच्या टायरांवर देशातल्या असंख्य सायकली चालतात आणि रोजच्या चार-पाच किलोमीटरसाठी मी ते आनंदाने सुचवतो. पंक्चर झाले तरी कोपऱ्यावर दुकान आहे आणि घर जवळ आहे, अशा माणसाने आयात टायरसाठी अनेक पट पैसे का मोजावेत? आपली गोष्ट वेगळी आहे. सेवा रस्त्यावर, पावसात, ऑफिसच्या वेळेला, पुलाखाली उभे राहून ट्यूब बदलण्याची वेळ टाळण्यासाठी आपण ही किंमत मोजणार आहात.

किंमत केवळ पैशांची नाही. मॅरेथॉन प्लस 35 मिलिमीटरच्या आकारात साधारण 900 ग्रॅम भरतो. त्याच रुंदीचा नेहमीचा टायर पाचशे-सहाशे ग्रॅमचा असतो. वजनापेक्षाही जाणवते ती त्याची चाल. जाड रबर प्रत्येक फेऱ्यात दाबले जाते आणि पुन्हा मूळ आकारात येते, आणि त्यात आपल्या पायांची थोडी शक्ती खर्च होते. पहिला आठवडाभर आपल्याला सायकल मंद वाटेल आणि चांदणी चौकाच्या चढावर तर हा टायर निश्चित जाणवेल. पंधरा किलोमीटरच्या अंतरात याने दोन-चार मिनिटांहून अधिक फरक पडत नाही, असे माझे मत आहे. पण ज्यांना सायकलचा हलकेपणाच आवडतो, त्यांना हा टायर आवडणार नाही. म्हणूनच मी दोन्ही चाकांना तोच टायर सुचवत नाही. पुढच्या चाकाला पंक्चरचा धोका कमी असतो आणि हाताला जाणवणारी सायकलची चाल बरीचशी त्याच चाकावर ठरते. तिथे 3 मिलिमीटरच्या थराचा किंवा चांगल्या कापडी पट्ट्याचा टायर पुरेसा आहे. पैसे मोजके असतील, तर सध्या फक्त मागचा बदलावा आणि पुढचा झिजेपर्यंत वापरावा.

पुढच्या टायरची ओल्या रस्त्यावरची पकडही पाहावी. संरक्षणासाठी आणि आयुष्यासाठी कठीण केलेले रबर ओल्या सिमेंटवर, रंगवलेल्या पट्ट्यांवर आणि गटाराच्या लोखंडी झाकणांवर थोडे कमी धरते. मागचे चाक किंचित घसरले तर सावरता येते. पुढचे घसरले तर माणूस पडतो. खोल नक्षीचा टायर पावसात अधिक पकड देतो, ही समजूत मात्र सायकलला लागू नाही. मोटारीचा रुंद टायर वेगात पाण्यावर तरंगू शकतो. सायकलचा टायर अरुंद असतो, वेग कमी असतो, त्यामुळे तो पाणी आपोआप बाजूला सारतो. डांबरी रस्त्यासाठी जवळजवळ गुळगुळीत टायर उत्तम असतो. खोल खाचांमध्ये काच आणि खडी अडकून बसते, एवढाच त्यांचा ‘उपयोग’ होतो.

खरेदीच्या वेळी सर्वाधिक चुका आकाराच्या होतात. टायरच्या बाजूवर 37-622 असा आकडा असतो; पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा बीड जिथे बसते त्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्या 700 च्या चाकाचा व्यास 622 आहे. दुकानात मात्र ‘अठ्ठावीस इंची’ म्हणून विचारणा झाली, तर जुन्या काळ्या सायकलीचा 28 बाय दीड इंची टायर हातात येऊ शकतो आणि त्याचा व्यास 635 असतो. तो आपल्या रिमवर सैल बसेल. ‘सव्वीस इंची’ मध्येही हाच घोळ आहे: माउंटन बाइकचे चाक 559 चे, तर 26 बाय 1 3/8 या आकाराचे 590 चे. म्हणून इंचांत काहीही न बोलता जुन्या टायरवरचा तीन आकडी व्यास मोबाइलमध्ये टिपून न्यावा.

रुंदीबद्दल माझा आग्रह असा आहे की सायकलमध्ये मावेल तेवढा रुंद टायर घ्यावा. 40 मिलिमीटरचा टायर 35 च्या टायरपेक्षा कमी दाबावर चालतो, वजन अधिक जागेवर वाटून घेतो आणि खड्ड्यांत ट्यूब चिमटू देत नाही. पण त्यासाठी मागच्या दोन्ही नळ्यांच्या मध्ये, ब्रेकखाली आणि मडगार्डखाली दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी. पावसाळ्यात चिखल आणि पाने अडकतात, तेव्हा ही जागा काठोकाठ असून चालत नाही. मडगार्ड असल्यास 37 वर थांबणेच बरे.

या सगळ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट हवेची आहे. ट्यूब कितीही चांगली असली तरी तिच्यातून हवा हळूहळू कमी होतेच. पंधरा दिवसांत ती इतकी उतरते की एका खड्ड्यात ट्यूब चिमटावी. अंगठ्याने दाबून पाहण्याची आपली सार्वत्रिक पद्धत जाड टायरवर तर पूर्ण निरुपयोगी आहे, कारण तो हवा कमी असतानाही टणक लागतो. घरी दाब दाखवणाऱ्या काट्याचा उभा पंप ठेवावा आणि आठवड्यातून एक दिवस ठरवून हवा पाहावी. आपले वजन सत्तर-पंचाहत्तर किलो आणि पाठीवर किंवा कॅरिअरवर लॅपटॉप-डबा आहे असे धरले, तर 35 च्या टायरला मागे 60 ते 65 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) आणि पुढे 50 च्या आसपास, येथून सुरुवात करावी. वजन जास्त असेल तर थोडी वाढवावी. टायरच्या बाजूवर छापलेल्या किमान आणि कमाल मर्यादा मात्र ओलांडू नयेत. पंक्चर टळतील या आशेने दगडासारखी हवा भरणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते की अति टणक टायर काचेवर दबत नाही, म्हणून अधिक सहज चिरला जातो, आणि खड्ड्यांचा मार थेट मनगटांवर येतो. पेट्रोल पंपावरच्या हवेने सायकलची ट्यूब भरायची असेल, तर अगदी थोडी थोडी भरावी. ट्यूबमध्ये मावणारी हवा इतकी कमी असते की दाब क्षणात वर जातो.

ट्यूबलेसविषयी आपण विचारले आहे. तंत्र उत्तम आहे: टायरच्या आत फिरणारे लॅटेक्सचे सीलंट लहान भोक तिथल्या तिथे बुजवते, आणि आपल्या वाटेवरच्या बारीक तारांवर ते प्रभावीही ठरते. परंतु त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले हवेत आणि मूळच्या हायब्रिड सायकलीची रिम बहुधा तशी नसते. सीलंट काही महिन्यांत सुकते आणि पुण्याच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. ते वेळोवेळी घालावे लागते. मोठी चीर पडली तर रस्त्यात शेवटी ट्यूबच घालावी लागते, तीही सीलंटने माखलेल्या टायरमध्ये, पावसात. ज्यांना सायकलची देखभाल हाच छंद आहे त्यांना मी ट्यूबलेस सुचवतो. ज्यांना फक्त वेळेवर ऑफिसला पोहोचायचे आहे, त्यांना सुचवत नाही.

ट्यूबमध्ये घालायचे अँटी-पंक्चर जेल काट्यांवर काम करते, पण नंतर पॅच नीट चिकटत नाही आणि व्हॉल्व्ह कधी कधी तुंबतो. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची प्लास्टिकची पट्टी स्वस्त आहे, आणि टायर चांगला असून बजेट नसेल तर एक हंगाम तिने निभावतो. मात्र तिची कापलेली टोके ट्यूबला घासून स्वतःच पंक्चर करतात, म्हणून ती टोके गोल कापून त्यांवर कापडी चिकटपट्टी लावावी. भरीव टायरांविषयी एवढेच सांगतो की जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, त्यापूर्वी सगळे जग भरीव रबरावरच चालत होते आणि हवेचा टायर आल्यावर ते सोडण्यात कोणालाही दुःख झाले नाही. भरीव टायरवर आपल्या रस्त्यांचा प्रत्येक हादरा चाकाच्या स्पोकना आणि स्वाराच्या पाठीला सोसावा लागतो.

जाड टायर बसवण्याविषयी आधीच कल्पना देतो, कारण पहिल्या वेळी माणूस वैतागतो. अशा टायरची कड ताठ असते आणि शेवटचा वीतभर भाग रिमवर चढता चढत नाही. युक्ती अशी की व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरुवात करावी, व्हॉल्व्हपाशी शेवट करावा, आणि चढलेली कड सर्वत्र चिमटीत दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणावी. तो भाग व्यासाने लहान असल्याने शेवटी लागणारी ढील तिथूनच मिळते. टायर उचकटण्याची पट्टी लावून जोर करण्याचा मोह आवरावा, कारण ट्यूब बहुतेक वेळा याच क्षणी कापली जाते. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहावा. हवा भरण्यापूर्वी कडेखाली ट्यूब कुठे दबली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहावे, आणि हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे की नाही हे चाक फिरवून तपासावे. हा सराव घरी एकदा अवश्य करावा. रस्त्यात पहिल्यांदाच करायची वेळ आली, तर या टायरने आपली परीक्षा पाहिलीच म्हणून समजा.

चांगला टायर आला म्हणून पिशवीतले सामान कमी करू नये: एक जादा ट्यूब, टायर उचकटण्याच्या दोन पट्ट्या, लहान पंप आणि चाक बोल्टचे असेल तर पाना. तारेचे बारीक भोक रस्त्यात शोधत बसण्यापेक्षा ट्यूब बदलावी आणि पॅच रात्री घरी लावावा. आपल्या सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, तर पितळेचा छोटा अडॅप्टर जवळ ठेवावा. रस्त्याकडेच्या बहुतेक दुकानांतला पंप मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसणारा असतो आणि अडॅप्टर नसल्याने तिथून तसेच परतलेले लोक मी पाहिले आहेत.

देखभालीत एकच सवय मी महत्त्वाची मानतो. पावसाळ्यात दर रविवारी हवा भरण्यापूर्वी चाक हळू फिरवून टायरचा पृष्ठभाग पाहावा आणि रुतलेले काचेचे कण बारीक टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढावेत. जाड थराच्या टायरात तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण काच आत अडकली तरी लगेच पंक्चर होत नाही आणि माणूस बेफिकीर राहतो. तीच काच पुढच्या काही आठवड्यांत आत आत सरकते. चिरेतून आतला कापडी भाग किंवा संरक्षक थराचा वेगळा रंग दिसू लागला, टायर मधोमध सपाट झाला, किंवा बाजूच्या भिंतीला भेगा पडल्या, तर टायर बदलावा. मागचा झिजल्यावर पुढचा तिकडे लावण्यास हरकत नाही, मात्र तेव्हा नवा टायर पुढे जावा.

आज रात्रीच मागचा टायर उतरवून कापसाचा बोळा फिरवावा. तार सापडली, रबर अजून जाड असले आणि तिन्ही भोके एकाच जागेच्या आसपास निघाली, तर टायरची खरेदी निदान या महिन्यात करू नये. भोके वेगवेगळ्या जागी, सगळी रस्त्याकडच्या बाजूला असतील, तर मागे 37-622 आकाराचा 5 मिलिमीटर थराचा टायर घ्यावा आणि पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी काट्यावर हवा पाहावी. नव्या टायरला आपल्या वजनाला मानवणारा दाब तेवढ्या दिवसांत कळतो.